मायच्या हातचं तूप

लोणी कढत आलं की त्याचा आवाज बदलतो. आधी ते पातेल्यात नुसतं कुरकुरतं, मग तडतडतं आणि तूप व्हायच्या जरा आधी एकदम गप्प होतं. माय चुलीपुढं बसून त्या गप्प होण्याची वाट बघायची. तेवढ्या वेळात तिच्याशी कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. मग ती पातेलं उतरवायची, त्यात विड्याच्या पानाचा तुकडा टाकायची आणि सगळं घर वासानं भरून जायचं. घर म्हणजे तरी काय, दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर आणि बाजूला बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात मेंढरं. ओली लोकर, लेंड्या आणि ताजं तूप यांचा मिळून जो वास होतो तो मला आजही कधीकधी दुपारी डोळा लागताना येतो. इथं परभणीत माझ्या फ्लॅटमध्ये मेंढरू यायचं काही कारण नाही, आणि तूप येतं ते प्लास्टिकच्या पिशवीतून. तरी वास येतो. मी डोळे उघडत नाही, कारण उघडले की तो जातो हे मला आता कळलेलं आहे.

आमचं गाव बोरीजवळ, माळावरचं. अण्णा म्हणजे माझे वडील. मेंढरं अण्णांची, म्हैस मायची आणि शाळा माझी, अशी आमच्या घरातली वाटणी होती आणि कुणी दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नसे. मी एकुलती एक. बोरीच्या शाळेत जायची, आणि सुट्टी असली की अण्णांच्या मागं माळावर. अण्णा उंच, हाडापेरानं मोठे आणि बोलायला इतके हळू की मेंढरांनासुद्धा कान टवकारावे लागत. माय त्यांच्या उलट. तिचं बोलणं वेशीपर्यंत ऐकू जायचं, आणि ती म्हणायची, ‘ह्या मानसाच्या वाटचं बी मलाच बोलावं लागतंय.’ त्यात खोटं काही नव्हतं.

अण्णांचं पिणं बाजारातून सुरू झालं. बोरीच्या बाजारात बोकड विकला की घेणारा खुशीनं पाजायचा, आणि पाजल्याशिवाय सौदा पक्का होत नाही असा तिकडचा रिवाज. पुढं पुढं अण्णांचा सौदा बोकडाशिवायही पक्का व्हायला लागला. ते पिऊन भांडत नसत, कुणाला मारत नसत. हळू बोलणारा माणूस आणखी हळू बोलायचा, एवढंच. पण मग दुखणं यायचं.

ते दुखणं मी लहानपणापासून बघत आले. बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर कळ उठायची आणि थेट पाठीत निघायची. ‘आरपार सळई घातल्यावानी,’ असं ते म्हणायचे. आडवं झालं की जास्त दुखायचं, म्हणून ते बसून राहात. गुडघे वर घेऊन, घोंगडीची घडी पोटाशी दाबून, पुढं वाकून. उलट्या व्हायच्या आणि उलटी होऊनही बरं वाटायचं नाही. ते तसे वाकून बसले की एखादी म्हातारी मेंढी कुंपणाच्या फटीतून मान काढून त्यांच्या डोक्याला नाक लावायची. मला वाटायचं, अण्णा तिच्याशी काही गुज करायलेत. मी लांब बसून ते ऐकायचा प्रयत्न करायची. मग कधीतरी कळ ओसरायची, अण्णा उठून तांब्याभर पाणी प्यायचे आणि काठी घेऊन निघायचे, आणि घरात कुणी त्या विषयावर बोलायचं नाही.

गावातले जाणते म्हणायचे, वायगोळा आहे. बिब्बा तापवून त्यांच्या पोटावर चटके दिलेले होते, त्याचे काळे गोल डाग होते. माझ्या मायचा मात्र वायगोळ्यावर विश्वास नव्हता. तिचं गणित सोपं होतं. पेले की दुखतं, म्हणून दुखलं म्हणजे पेले. अण्णा कितीही नाही म्हणाले तरी त्यांचं पोटच त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायचं, आणि त्या वेळी ती साक्ष दर वेळी खरी निघायची हेही सांगितलं पाहिजे.

अशाच एका मोठ्या दुखण्यानंतर माझा मामा आला. मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ, गंगाखेडचा. आवाज बहिणीसारखाच, डोक्यावर पांढरी टोपी, आणि कुठं बसला तरी सगळी बाज अडवून बसायचा. त्यानं छपराखाली बसून अण्णांकडं बघितलं. अण्णांची मांडी तेव्हा माझ्या दंडाएवढी झाली होती. मामा म्हणाला, ‘रुक्मिन, चल. पोरीला घे आणि चल. हितं काय ठिवलंय?’ माय चुलीतलं लाकूड मागंपुढं करत राहिली. मग म्हणाली, ‘येकडाव बघते, दादा. येकच डाव.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अण्णांना खंडोबाच्या देवळात घेऊन गेली. आमच्यात कोर्टकचेरीची शपथ कुणी मानत नाही, पण भंडारा उचलला की संपलं. देवापुढची हळद ओंजळीत घ्यायची आणि बोलायचं. ते बोललेलं मोडलं तर देव बघून घेतो, माणसांना काही करावं लागत नाही. माय म्हणाली, ‘उचला. आणि ध्यानात ठिवा. येक घोट जरी घेतला तर मी पोरीला घेऊन गंगाखेडला जाईन. मंग मेलात तरी तोंड बघाया येनार न्हाई.’ अण्णांनी ओंजळ भरली. हळद बोटांतून सांडत होती. ते काय बोलले ते देवाला ऐकू गेलं असेल, आम्हांला नाही. पण उचलला. मी देवळाच्या पायरीवर उभी होते. गंगाखेडला मामाच्या घरी माझं काही वाईट झालं नसतं हे मला कळत होतं. तिथं शाळा होती, गोदावरी होती, ऊस होता. पण त्या छपराखाली घोंगडी पोटाशी धरून एकटे वाकून बसलेले अण्णा काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

मग जे दिवस आले ते आठवताना मला अजूनही खात्री वाटत नाही की ते खरोखर आले होते. त्या उन्हाळ्यात माळावरचं गवत संपलं, तसं आम्ही मेंढरं घेऊन येलदरीच्या धरणाच्या पाण्यामागं गेलो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं आणि मागं ओल्या गाळावर हिरवा पट्टा सोडून जातं. पाणी जितकं सरकेल तितकी मेंढरं पुढं, आणि मेंढरांमागं आमचं पाल. भल्या सकाळी पाण्यावर धूर असायचा आणि त्या धुरात ट्यूबवर बसून मासे धरणारे भोई दिसायचे, पाण्यावर नुसती माणसांची अर्धी अंगं तरंगत असल्यासारखी. ती हलायची तरी आवाज यायचा नाही. माय दगडांच्या चुलीवर चहा करायची, अण्णा पाल सोडून पाण्याच्या काठाला उकिडवे बसायचे आणि मेंढरं एका ओळीत माना खाली घालून पाणी प्यायची. शेकडो जिभांचा तो लपलप आवाज, बस्स. बाकी सगळं जग झोपलेलं.

‘बाई,’ अण्णा मला म्हणायचे. घरात मी इंदू, पण ते मला बाईच म्हणायचे. ‘ह्या पान्याखाली आपल्या पणज्याचं रान हाय. धरन व्हायच्या आदी त्येंची मेंढरं हितंच चरायची. आता आपली मेंढरं त्येच रान पेयलीत.’ मी पाण्याकडं बघायची आणि मला खाली गवत दिसायचं, गवतात चरणारी मेंढरं दिसायची, काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला एक माणूस दिसायचा. अण्णांना तो दिसत होताच. संध्याकाळी ते ओव्या म्हणायचे, हळू, आपल्यापुरत्या. माय एरवी त्यांना आवाज चढवायला सांगायची, पण तिथं तीही गप्प बसून ऐकायची. रोज अंधार पडायच्या आधी ती त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन वास घ्यायची. भोयांची पोरं ते बघून हसायची. त्यांना वाटायचं, म्हातारपणात काय हे.

पावसाळ्याआधी आम्ही घरी आलो आणि मायनं दुसरा डाव मांडला. नवरा दारूतून सुटला, आता तो अंगानं भरला पाहिजे. कारण दारू सुटली तरी अण्णा वाळलेलेच होते. जेवायचे चांगले, पण अंगाला लागायचं नाही. मायनं त्यावर पुष्कळ विचार केला आणि तिला उत्तर सापडलं. ‘दारूनं आतडी वाळल्यात,’ ती मला म्हणाली. ‘वाळल्या चामड्याला काय लावत्यात? तेल लावत्यात. आतड्याला तूप लावावं लागंल.’ आता ह्यात हसण्यासारखं काही नाही. कातडं तेलानं मऊ होतं हे आम्ही रोज बघत होतो. बोरीच्या बाजारात जाणारं तूप तिनं बंद केलं. म्हशीला सरकी वाढवली. सकाळी उठलं की अण्णांच्या हातात कोमट तुपाची वाटी, त्यात गुळाचा खडा. न्याहरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा. आठवड्याला मटण, आणि त्यातली चरबी वेचून अण्णांच्या ताटात. मला पातेल्याच्या बुडाची बेरी मिळायची, साखर घालून. मी त्या बेरीवर इतकी खूश होते की मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

अण्णा वाटीकडं बघायचे, मायकडं बघायचे आणि वाटी रिकामी करायचे. मग मेंढरांच्या कुंपणामागं जाऊन बसायचे. एकदा मी शाळेला निघताना त्यांना तिथं वाकून बसलेलं बघितलं. ‘अण्णा, काय झालं?’ म्हटलं. ‘काय न्हाई, बाई. काटा मोडलाय पायात, काढायलोय.’ आमच्या माळावर काट्यांना तोटा नाही, मी पुढं गेले. माय दर अमावस्येला त्यांचा दंड स्वतःच्या मुठीत धरून बघायची आणि म्हणायची, ‘भरना कामून गा? तूप कमी पडायलंय.’ आणि वाटी मोठी व्हायची.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. खंडोबाचा सण म्हणजे आमच्याकडं दिवाळीच्या वरचा. वांग्याचं भरीत, कांद्याची पात, आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे. रोडगा फोडून त्यात तूप ओतायचं असतं, आणि जितकं तूप मुरेल तितका देव खूश. त्या वर्षी तळी उचलायला गावानं अण्णांना पुढं बोलावलं. ताटात भंडारा, खोबरं, पानसुपारी ठेवून ते ताट देवाच्या नावानं उचलायचं, त्याला तळी म्हणतात. पिणाऱ्या माणसाला हा मान कुणी देत नाही. अण्णांनी येळकोट केला तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा सगळ्या देवळाला ऐकू गेला आणि मायनं पदर डोळ्यांना लावला. मग पंगत बसली. माय स्वतः तुपाचं भांडं घेऊन वाढायला होती. अण्णांच्या रोडग्यापाशी ती थांबली, ओतत राहिली, अण्णांनी हात आडवा केला तरी ओतत राहिली. ‘देवाचं हाय, न्हाई म्हनू नगा,’ म्हणाली.

दुपार कलायच्या सुमाराला अण्णा देवळामागच्या लिंबाखाली सापडले. गुडघे वर, घोंगडी पोटाशी, कपाळ घोंगडीवर टेकलेलं. उलट्यांनी पुढची माती भिजली होती. इतकं मोठं दुखणं मी आधी बघितलं नव्हतं. त्यांच्या तोंडाचा रंग गेला होता आणि कपाळावरचा भंडारा घामाबरोबर नाकावरून खाली ओघळत होता. माणसं जमली. कुणीतरी हळूच म्हणालं, ‘भंडारा फिरला.’ आणि मग ते सगळीकडून ऐकू यायला लागलं, भंडारा फिरला, भंडारा फिरला. आजच्याच दिवशी, त्याच्याच दारात. देवानं भर पंगतीतून उचलून दाखवला.

माय गर्दीतून आली. ती त्यांच्यापुढं मातीत बसली, त्यांचं डोकं वर केलं आणि वास घेतला. तिच्या तोंडावर मला गोंधळ दिसला, कारण वास होता तो लसणाचा आणि तिच्याच तुपाचा. पण पोट तर समोर साक्ष देत होतं. तिनं विचारलं, ‘पेलात का?’ एरवी वेशीपर्यंत जाणारा तिचा आवाज मला जवळ उभी असून जेमतेम ऐकू आला. अण्णांनी डोळे मिटलेलेच ठेवले. ‘पेलो,’ म्हणाले. ‘देवाला ठाव हाय. पेलो म्या.’

माय उठली आणि घराकडं चालू लागली. मला वाटलं, ती आता येत नाही. पण ती आली, आणि तिच्या काखेत तिच्या लुगड्यांचं गाठोडं होतं. गावातल्या एकाची जीप होती, तिच्यात तिनं आधी गाठोडं टाकलं, मग अण्णांना धरून बसवलं. ‘दवाखान्यात न्हेऊन घालते,’ ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. ‘तेवढं मानूस म्हनून. तिथून मी आणि पोरगी गंगाखेडच्या यष्टीत बसतोत. दादाला निरोप धाडा, परभनीला ये म्हनावं.’ त्या रस्त्याचं मला फार आठवत नाही. पुढच्या सीटवर डोकं टेकलेले अण्णा आठवतात, दोन्ही बाजूंनी पिवळी फुललेली तूर आठवते, आणि ती पिवळी रानं अण्णांच्या कपाळावरून सांडून पसरत चालली आहेत असं वाटत राहिलेलं आठवतं. गाठोडं माझ्या पायाशी होतं. प्रत्येक खड्ड्यात त्याच्यात काहीतरी जड वस्तू हलायची.

परभणीच्या दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं, दुखण्याची सुई दिली आणि तोंडानं काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं सांगितलं. मी कापूस ओला करून त्यांच्या ओठांना लावत बसले. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. मग डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, दमलेल्या होत्या, आणि पोटावरचे बिब्ब्याचे डाग बघून त्यांनी फक्त एक सुस्कारा टाकला. त्यांनी मायला सांगितलं, जठराच्या मागं एक ग्रंथी असते, स्वादुपिंड म्हणतात तिला. खाल्लेलं, त्यातही तूपतेल, पचवायचा रस ती करते. वर्षानुवर्षांच्या दारूनं ती खराब झाली आहे. कायमची. तिला मधूनमधून अशी सूज येऊन हे दुखणं भडकतं.

‘पेलं की भडकतं,’ माय म्हणाली. ‘ठाव हाय मला.’

‘पिलं की भडकतंच. पण एकदा ती इतकी खराब झाली की न पितासुद्धा भडकतं. काय खातात हे?’

मायच्या आवाजात एवढ्या सगळ्यातही थोडी ऐट आली. सकाळची वाटी, लोण्याचा गोळा, मटणाची चरबी, रोडगे. तिनं काही म्हणजे काही सोडलं नाही. तिला वाटत होतं, ही शिकलेली बाई आता म्हणेल, माउली, तू होतीस म्हणून हा माणूस जगला. बाई ऐकत राहिल्या. मग अण्णांकडं वळून त्यांनी विचारलं, शौचाला तेलकट होतं का, चिकट, तवंगासारखं? अण्णांनी माझ्याकडं बघितलं, तोंड भिंतीकडं केलं आणि मान हलवली. बाई मायला म्हणाल्या, ‘आजचं दुखणं नेमकं कशानं भडकलं ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण एवढं तूप ह्यांना पचत नाही, मावशी. अंगाला लागायच्या ऐवजी ते वाहून जातंय, आणि जाताना दुखवतंय. दारू तर नाहीच, पण तूपही बंद.’

माय म्हणाली, ‘पन त्येंनी सोताच्या तोंडानं सांगितलं पेलो म्हनून. देवाच्या दारात. मी काय कानानं भैरी हाय?’ डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटकडं गेल्या. माय तांब्या घेऊन पाणी आणायला गेली. खरं तर तांब्या भरलेलाच होता.

मी अण्णांच्या कानाशी वाकले. सुईनं त्यांची कळ उतरली होती आणि डोळे अर्धे मिटले होते, जागेपण आणि झोप यांच्या मधल्या बांधावर कुठंतरी. ‘अण्णा, कवा पेलात? कुटं?’

‘येलदरीला,’ ते म्हणाले.

‘येलदरीला तर मी होते की तुमच्यासंगं. माय होती.’

‘आता आताच. तुमी नव्हताव.’ त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. ‘पान्यावर धूर व्हता. मेंढरं ओळीनं पेयली व्हती. म्या बी गुडघे टेकले, त्येंच्या बाजूला. तोंड लावलं. तर पानी न्हाईच ते, बाई. शिंदी. समदं धरन भरून शिंदी, गोड. मेंढरं पेयली व्हती म्हनून म्या बी पेलो. मंग मेंढरांनी माना वर केल्या आणि समदी माझ्याकडं बघाया लागली. येक बी हलंना. जाग आली की तोंडात तीच चव. लयदा पडतं ते सपान. भंडारा उचलल्यापासून पडतंय. म्या जागेपनी न्हाई गं पेलो, पन देवाला सपन बी दिसतंय की. पेलो की सकाळच्याला दुखतं. त्येचा हिशोब बराबर हाय.’

माय दारात उभी होती. तांब्या छातीशी धरलेला. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती आली आणि खाटेच्या कडेला बसली, आणि तिनं विचारलं, ‘सकाळच्याला कवा दुखतं?’

‘न्याहरी झाली की.’

‘रोज?’

‘रोज थोडं. कवाकवा लई.’

‘न्याहरीला तर मी तूप देते,’ माय म्हणाली. मग एकदम तिचा आवाज फुटला. ‘मंग सांगितलं कामून न्हाई? तोंड न्हवतं का? येवढं येवढं तूप मी ओतायले आणि तुमी गुमान पेयलात! दुखायलंय म्हनून येका शब्दानं तरी सांगावं का न्हाई?’

‘दुखायलंय म्हनलो असतो,’ अण्णा म्हणाले, ‘तर तू म्हनली असतीस, पेलात.’

मायनं त्यांचा सलाईन नसलेला हात घेतला, त्या दंडाभोवती आपली मूठ नेहमीसारखी लावून बघितली आणि तशीच धरून ठेवली. ती रडत होती आणि मीही रडत होते. अण्णा मात्र झोपी गेले होते.

मामा सकाळच्या गाडीनं आला. टोपी हातात, तोंडावर बहिणीला सोडवून न्यायचा सगळा निश्चय. ‘चल,’ म्हणाला. माय खाटेखालून गाठोडं ओढून सोडायला लागली. लुगडी बाजूला केली आणि मधून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली एक चिनी मातीची बरणी काढली. वाटेत जे जड हलत होतं ते हे. मी बघतच राहिले. नवऱ्याला कायमचं सोडून जायला निघालेल्या बाईनं गाठोड्यात तुपाची बरणी घेतली होती, कारण दुखणं उतरल्यावर ह्याला कोण देणार. ती तिनं मामाच्या हातात ठेवली. ‘दादा,’ म्हणाली, ‘हे घेऊन जा. ताजं हाय. वैनीला म्हनावं लेकरांना घाल.’

‘आणि तू?’

‘मला रोजची भाकर टाकायची हाय. कोरडी.’

मामा म्हणजे बहिणीला न्यायला आला आणि तूप घेऊन गेला. पुढं मरेपर्यंत हे तो प्रत्येक लग्नात सांगायचा, आणि प्रत्येक वेळी बरणी आधीपेक्षा मोठी व्हायची.

अण्णा बरे झाले असं मी लिहिणार नाही. ती ग्रंथी बरी होत नाही. दुखणं अधूनमधून येत राहिलं, पुढं साखरही निघाली, आणि परभणीची वाट आम्हांला पाठ झाली. आज आमच्या गल्लीतला एक तरणा मुलगा तेच दुखणं घेऊन दवाखान्याच्या वाऱ्या करतो आहे, आणि त्याची बायको दर वेळी त्याच्या तोंडाचा वास घेते. मी तिला परवा चहाला बोलावलं आणि मायची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं. पटलं का ते सांगता येत नाही.

मायनं मात्र त्या दिवसानंतर अण्णांच्या तोंडाचा वास कधी घेतला नाही. तिचा सकाळचा रिवाज बदलला. तुपाच्या वाटीऐवजी हातात काळा चहा द्यायची, स्वतः चुलीपुढं बसायची, आणि भाकरी थापता थापता मागं न बघता विचारायची, ‘सपान पडलं का?’ कधी अण्णा म्हणायचे, मेंढरू हरवलं होतं. कधी म्हणायचे, पणजा भेटला, पाण्याखाली उभा होता. आणि कधीकधी नुसतेच गप्प बसायचे. मग माय भाकरी उलटायची आणि विचारायची, ‘पेलात?’

‘पेलो,’ अण्णा म्हणायचे.

‘बरं. दुखायलंय का?’

‘न्हाई.’

‘मंग या, भाकर खावा,’ माय म्हणायची.